कायम ठेव किती दिवस कायम राहते?

गेल्या २६ जानेवारीला सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत बक्षीस समारंभाला गेलो होतो. झेंडावंदन झालं, कवायत झाली आणि मग बाईंनी यादी वाचायला घेतली. ‘यांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या ठेवीच्या व्याजातून, दहावीत मराठीत प्रथम आल्याबद्दल...’ टाळ्या झाल्या. एक मुलगी पुढे आली. तिची आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर आहेत. तिने वाकून नमस्कार केला आणि पाकीट घेऊन जागेवर गेली. समारंभ संपल्यावर माझ्या समोरच तिने ते उघडलं. आत पन्नासची एक नोट आणि दहाच्या दोन. सत्तर रुपये.

नंतर ऑफिसात जुनी फाइल बघितली. १९७८ साली एका निवृत्त शिक्षकाने पत्नीच्या नावाने १,००१ रुपयांची ठेव शाळेला दिली होती. शाईच्या पेनने, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं पत्र होतं: ‘मुद्दलास हात न लावता, येणाऱ्या व्याजातून दरवर्षी पारितोषिक द्यावे.’ शाळेने शब्द पाळला. सत्तेचाळीस वर्षांत मुद्दलाला कुणी हात लावला नाही. पावती जपली, दर वेळी रिन्यू केली, बक्षीस एकदाही चुकवलं नाही. शाळेच्या एका जुन्या शिक्षिका म्हणाल्या, सुरुवातीला त्या पैशांत वर्षभराच्या वह्या, कंपासपेटी आणि वर चपलांचा जोड यायचा. आज त्यात एक जाडसर वही येते.

कुणीच काही चुकीचं केलं नाही, तरी त्या गृहस्थांना जे द्यायचं होतं ते त्या मुलीपर्यंत पोचलं नाही. मी स्वतः एका छोट्या अभ्यासिकेचा खजिनदार आहे आणि आमच्याकडेही अशीच कायम ठेव आहे. म्हणून ही गोष्ट मनाला लागली, आणि म्हणून हा लेख.

कायम निधी, मूळ निधी, अक्षय निधी, कॉर्पस अशी नावं अनेक असली तरी वस्तू एकच. संस्थेला मिळालेल्या पैशाचा एक भाग खर्च न करता गुंतवून ठेवायचा आणि त्याच्या उत्पन्नावर काम चालवायचं. देणारा गेला, त्याची मुलं परगावी गेली, विश्वस्त बदलले, तरी काम चालू राहावं हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. देवळाच्या दिवाबत्तीसाठी दिलेली इनाम जमीन, मशिदीसाठी केलेला वक्फ, आईच्या तिथीला दरवर्षी अन्नदान व्हावं म्हणून अन्नछत्रात भरलेली रक्कम, ही सगळी याच कुळातली.

सोलापूरकराला हे समजावायला उजनीइतकं सोपं उदाहरण नाही. उजनी धरण पूर्ण भरलं की सुमारे ११७ टीएमसी पाणी असतं. पण त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठा म्हणून धरलेलं आहे. त्याच्या वरचं ५३-५४ टीएमसी ते उपयुक्त पाणी. कालव्याला, शेतीला, नदीत सोडायला हे वरचं पाणी. पेपरात ‘उजनी वजा दहा टक्क्यांवर’ अशी बातमी येते तेव्हा धरण कोरडं पडलेलं नसतं, आपण मृतसाठ्यात शिरलेलो असतो. मग दुबार पंपिंग सुरू होतं, नळाला पाणी आणखी एक-दोन दिवस उशिरा येतं आणि घराघरात पिंपं भरून ठेवायची धांदल उडते. संस्थेचं मुद्दल म्हणजे तो मृतसाठा, आणि दरवर्षीचं व्याज म्हणजे त्यावरचं उपयुक्त पाणी. मृतसाठा जितका भक्कम, तितकी वाईट वर्षात धाकधूक कमी.

वरवरचं पाणी दरवर्षी वर्गणीतून येतंच की, मग खालचा साठा कशाला, असं मला बरेचजण विचारतात. उत्तर आमच्या अभ्यासिकेच्या हिशेबातच आहे. देणगीदाराला कपाट द्यायला आवडतं, पाण्याचा कूलर आवडतो, कारण त्यावर नाव घालता येतं. त्यात गैर काही नाही, माणसाला आपल्या माणसाचं नाव राहावंसं वाटतंच. पण रात्री अकरापर्यंत थांबणाऱ्या काकांचा पगार, लाइट बिल, संडास साफ करणाऱ्या मावशींचे पैसे, ऑडिटची फी, हे द्यायला सहसा कुणी पुढे येत नाही. अभ्यासिका उघडी राहते ती मात्र याच खर्चावर. कायम निधीचं खरं काम हे. ज्या गोष्टीचा फोटो निघत नाही ती त्याच्या व्याजावर चालते.

दुसरं कारण वेळेचं. काही कामं अशी असतात की ती एका देणगीदाराच्या आयुष्यात पुरी होत नाहीत. याचं उत्तम उदाहरण आपल्या शहरातच आहे, आणि ते पुरेसं सांगितलं जात नाही असं मला वाटतं. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी हे सोलापूरचे गृहस्थ. आपली संपत्ती धर्मकार्याला आणि समाजकार्याला लावायची असं त्यांनी ठरवलं, पण लगेच कुठे वाटून टाकली नाही. आधी ठिकठिकाणच्या विद्वानांची मतं घेतली, मग १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथ क्षेत्री त्यांना एकत्र बोलावलं. तिथल्या चर्चेतून जैन संस्कृती संरक्षक संघ उभा राहिला आणि त्यासाठी त्यांनी ३०,००० रुपयांची देणगी जाहीर केली. पुढे १९४४ मध्ये सुमारे २ लाख रुपयांची, म्हणजे जवळजवळ सगळीच मालमत्ता ट्रस्ट करून संघाच्या हवाली केली. त्यातून जीवराज जैन ग्रंथमाला निघाली. प्राकृत, संस्कृत, हिंदी, मराठी ग्रंथ, त्यातही जुन्या हस्तलिखितांवरून संपादित केलेले, सोलापुरातून प्रसिद्ध होऊ लागले. १९५७ मध्ये ते गेले. ग्रंथमाला त्यांच्यामागेही चालली.

आता विचार करा, प्राकृत ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती काढायची म्हणजे काय? वेगवेगळ्या भांडारांतल्या पोथ्या मिळवायच्या, एकेक पाठ ताडून बघायचा, प्रस्तावना लिहायची, मुद्रितं तपासायची. यात वर्षंच्या वर्षं जातात. छापून झाल्यावर घेणारे थोडे. असं पुस्तक बाजारावर जगत नाही, आणि ‘या वर्षीची वर्गणी जमली तर बघू’ असं म्हणूनही होत नाही. पाच वर्षांनीही पैसा असेल अशी खात्री असेल, तरच संपादक कामाला हात घालतो. जीवराजभाईंनी खरं तर ही खात्री दिली.

पण सुरुवातीला सांगितलेल्या त्या शाळेतल्या ठेवीचं मग काय बिघडलं? तिथेही पैसा होता, खात्री होती, नियम पाळला होता.

उत्तरासाठी पुन्हा उजनीकडेच जावं लागतं. दर पावसाळ्यात भीमेबरोबर गाळ येतो आणि तळाशी बसतो. धरणाची भिंत तेवढीच, कागदावरचा आकडा तोच, पण गाळाने भरलेल्या जागेत पाणी मावत नाही. पैशाच्या बाबतीत महागाई हा असा गाळ आहे. पावतीवर १,००१ रुपये १९७८ सालीही होते आणि आजही आहेत. त्यातलं पाणी मात्र गेलं.

गाळ किती वेगाने साठतो याचा एक सोपा आडाखा आहे. ७२ ला महागाईच्या दराने भागायचं. महागाई ६ टक्के असेल तर १२ वर्षांत किमती दुप्पट होतात, म्हणजे तुमच्या रुपयाची किंमत निम्मी होते. २४ वर्षांत पाव, ३६ वर्षांत एक-अष्टमांश. शाळेत आपण द.सा.द.शे.ची गणितं करून मुद्दल किती वाढतं ते काढायला शिकलो. ते किती आटतं, हे कुणी शिकवलं नाही.

आणि व्याजाचा दर तरी कुठे स्थिर असतो? नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बँका मुदत ठेवीला १२ टक्क्यांच्या आसपास व्याज देत होत्या. २०२०-२१ मध्ये तेच साडेपाच टक्क्यांच्या घरात आलं. समजा १९९५ साली कुणी तिथीच्या अन्नदानासाठी ५,००० रुपये भरले. त्या वेळी वर्षाला ६०० रुपये व्याज, त्यात पंगत उठत असेल. २०२१ मध्ये तेच व्याज २७५ रुपयांवर आलं, आणि तांदूळ, डाळ, तेल, गॅस सगळं कितीतरी पटीने महागलेलं. तिथी येते, नाव वाचलं जातं, प्रसाद होतो. त्यात त्या ठेवीचा वाटा मात्र नावापुरता उरलेला असतो, बाकीचा खर्च आजचे भाविक उचलतात.

आमच्या अभ्यासिकेसाठी मी मांडलेला हिशेब इथे देतो, कारण आकडे समोर असले की गोष्ट पटते. समजण्यासाठी आकडे गोल केले आहेत. वर्षाचा खर्च ६ लाख धरा. बँक ७ टक्के देते. मग ६ लाख व्याज यायला किती मुद्दल हवं? साधारण ८६ लाख. आमच्या बैठकीत हाच आकडा ठरत आला होता: ‘शहाऐंशी लाख जमवले की वर्गणीची कटकट कायमची मिटली.’ पण आजचा ६ लाखांचा खर्च ५ टक्के महागाईने दहा वर्षांनी पावणेदहा लाखांच्या आसपास जातो. पंधरा वर्षांनी तो साडेबारा लाखांना टेकतो. व्याज तिथेच, सहा लाखांवर. म्हणजे पंधरा वर्षांत अर्ध्याहून अधिक खर्चासाठी पुन्हा झोळी घेऊन दारोदार.

मग खरंच ‘कायम’ चालायचं तर किती हवेत? ७ टक्क्यांतले ५ टक्के महागाईची भरपाई म्हणून पुन्हा मुद्दलात टाकले, तर खर्चायला राहिले २ टक्के. २ टक्क्यांत ६ लाख हवे असतील तर मुद्दल लागतं ३ कोटी! हा आकडा मी बैठकीत सांगितला तेव्हा थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. पण तो खरा आहे, आणि केवळ मुदत ठेवीवर विसंबणाऱ्या प्रत्येक संस्थेला तो कधी ना कधी बघावाच लागतो.

गुंतवणूक थोडी मिश्र ठेवली, काही ठेवी, काही सरकारी रोखे, परवानगी असेल तितका भाग वाढणाऱ्या मालमत्तेत, आणि दीर्घ मुदतीत सरासरी ९ टक्के मिळाले असं धरलं, तर महागाई वजा जाता ४ टक्के खर्चाला उरतात. मग दीड कोटी पुरतात, म्हणजे वार्षिक खर्चाच्या पंचवीस पट. जगभरातल्या मोठ्या निधींचा खर्चाचा दर बहुतेक वेळा वर्षाला चार-पाच टक्क्यांच्या आसपास असतो तो याच कारणाने. आणि तो दर त्या वर्षीच्या उत्पन्नावर लावत नाहीत. मागच्या तीन-एक वर्षांच्या निधीच्या सरासरीवर लावतात, म्हणजे एखाद्या वर्षी बाजार चढला म्हणून उधळपट्टी होत नाही आणि पडला म्हणून मुलांची शिष्यवृत्ती तुटत नाही.

ठरलेल्या रुपयांचा आकडा आणि वाढणारं उत्पन्न यांतला फरक समजून घ्यायला अहिल्यादेवी होळकरांच्या खासगीची गोष्ट फार बोलकी आहे. त्यांचं नाव आज आपल्या विद्यापीठाला आहे, तेव्हा सोलापुरात ती माहीत असायलाच हवी. खासगी म्हणजे होळकर घराण्यातल्या राणीची स्वतःची जहागीर. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे ती सुरू झाली आणि पुढे अहिल्यादेवींकडे आली. देशभरातले घाट, देवळं, धर्मशाळा, अन्नछत्रं यांचा खर्च अहिल्यादेवींनी दौलतीच्या तिजोरीतून न करता या खासगीतून केला. खासगीचं उत्पन्न गावांतून यायचं. धान्य महागलं की जमिनीचं उत्पन्नही सावकाश का होईना, वाढण्याची सोय होती. म्हणजे गाळ काढायची व्यवस्था जहागिरीतच होती.

१९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. खासगीच्या मालमत्ता आणि त्यांचं उत्पन्न सरकारकडे गेलं आणि त्याबदल्यात धर्मादाय कामांसाठी सरकारने दरसाल २,९१,९५२ रुपये कायमचे द्यायचे असं ठरलं. पुढे १९६२ मध्ये या कामांसाठी रीतसर ट्रस्ट झाला. १९४८ साली पावणेतीन लाखांहून जास्त ही मोठी रक्कम होती. ‘कायमचे’ हा शब्दही होता. पण महागाईप्रमाणे आकडा वाढेल असा शब्द नव्हता. आज ती रक्कम महिन्याला साधारण २४,३०० रुपये पडते. दोन माणसांचा पगारही त्यात जेमतेम बसेल. ट्रस्टच्या बाकीच्या जमाखर्चात मी शिरत नाही, या एका रकमेपुरतंच बोलतो: गावांच्या जागी ठरीव आकडा आला, त्या दिवसापासून ओहोटी लागली.

नोबेल पारितोषिकाच्या निधीतही हेच घडलं होतं. आल्फ्रेड नोबेल यांनी १८९५ च्या मृत्युपत्रात आपली बहुतेक संपत्ती, सुमारे ३ कोटी १० लाख स्वीडिश क्रोनर, या कामासाठी ठेवली आणि पैसा सुरक्षित रोख्यांत गुंतवा असं लिहून ठेवलं. १९०१ मध्ये पहिलं पारितोषिक जवळपास दीड लाख क्रोनरचं होतं. १९२३ मध्ये ते १ लाख १५ हजारांवर घसरलं. एकीकडे कर, दुसरीकडे महागाई, आणि ‘सुरक्षित’ या शब्दाचा अर्थ फक्त रोखे असा घेतलेला. १९४६ मध्ये करमाफी मिळाली, १९५३ मध्ये समभागांतही पैसे घालायची मुभा मिळाली, आणि तरी पारितोषिकाची खरी किंमत १९०१ च्या पातळीवर यायला १९९१ साल उजाडलं. पुढे २०१२ मध्ये विश्वस्तांनी १ कोटी क्रोनरचं पारितोषिक ८० लाखांवर आणलं, निधी वाचावा म्हणून. जगभर चर्चा झाली. मला तो निर्णय धाडसाचा आणि योग्य वाटतो. उजनीच्या भाषेत सांगायचं तर, मायनसमध्ये जायच्या आधीच त्यांनी पाण्याचं आवर्तन कमी केलं.

आता आपल्या कायद्याकडे येऊ, कारण इथे बहुतेक छोट्या संस्था ठेचकाळतात. धर्मादाय संस्थेला आयकरातून सूट हवी असेल तर वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्या वर्षी कामावर खर्च करावे लागतात. १५ टक्के विनाअट बाजूला ठेवता येतात. त्याहून जास्त साठवायचे तर नेमकं कशासाठी ते ठरवून, आयकर खात्याला कळवून, जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी. नियमामागचा विचार बरोबर आहे: धर्मादायाच्या नावाने करमुक्त पैसा नुसता साठवत बसू नये. पण त्याचा परिणाम असा की ७ रुपये व्याज आलं तर मोकळेपणाने मुद्दलात टाकता येतो जेमतेम १ रुपया ५ पैसे. गाळ पाच रुपयांचा आणि उपसा एक रुपयाचा.

म्हणून कायम निधी जिवंत ठेवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्यात नवी भर पडत राहणं. आणि इथे देणगीदाराच्या एका ओळीला फार किंमत आहे. ‘ही रक्कम संस्थेच्या कायम निधीत जमा करावी’ असं देणगीदाराने लेखी दिलं, तर ती रक्कम त्या ८५ टक्क्यांच्या हिशेबात धरली जात नाही, पूर्ण मुद्दलात जाते. मात्र ती वेगळी दिसेल अशी, कायद्याने मान्य केलेल्या ठिकाणीच गुंतवलेली असावी लागते. ती ओळ नसेल तर तुमची देणगी साधी वर्गणी धरली जाते. कुणी कौतुकाने ५१,००० रुपये यूपीआयवर पाठवतो आणि फोनवर सांगतो, ‘काका, हे कायम ठेवीत टाका हं.’ फोनवरचं बोलणं ऑडिटरला दाखवता येत नाही. आम्ही आता पावती फाडण्याआधी दोन ओळींचं छापील पत्र भरून घेतो. खाली सही आणि तारीख. परगावचा माणूस असेल तर तोच मजकूर ईमेलने मागवतो.

कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीकडे मात्र या कामासाठी आशेने बघू नका. तो पैसा संस्थेच्या कॉर्पसमध्ये देता येत नाही, हे २०२१ पासून स्पष्ट झालं आहे. म्हणजे पुढची पन्नास वर्षं उभी करायची ती साध्या माणसांच्या देणग्यांवर आणि मृत्युपत्रांवरच. मृत्युपत्राचा विषय आपल्याकडे काढला की लोकांना अपशकुन वाटतो. तरीही काढावा. एखाद्या निपुत्रिक मावशीने आपल्या दोन खोल्यांच्या घराची किंमत मुलींच्या शिक्षणाला ठेवली तर त्यात वाईट ते काय? निधी आटू न देण्याची आणखी एक रीतही आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी जो निधी ठेवला, तो बिनपरतीचा नव्हता, कर्जाऊ शिष्यवृत्ती होती. शिकून आलेला पैसे परत करतो आणि तेच पुढच्याच्या कामी येतात. जयंत नारळीकर त्या निधीतून केंब्रिजला गेले होते.

पैसा ठेवायचा कुठे, याबद्दल पोटतिडकीने एकच सांगतो. जिल्ह्यातलं एक छोटं वाचनालय मला माहीत आहे, नाव घेत नाही. बँकेपेक्षा एक-दीड टक्का जास्त मिळतो म्हणून त्यांनी सगळी कायम ठेव एका पतसंस्थेत टाकली. पतसंस्था अडचणीत आली आणि पावत्या नुसते कागद झाले. वाचनालयात मासिकं येणं थांबलं, मग ग्रंथपालांचं मानधन थांबलं. व्याजाला सोकला तो मुद्दलाला मुकला, ही म्हण त्या विश्वस्तांना माहीत नव्हती असं नाही. पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नसतं. बँकेतल्या ठेवीला असतं, तेही एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंतच. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाचा पैसा कुठे गुंतवावा हे १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याने सांगितलेलं आहे, त्यापलीकडे जायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. जागा विकायची तरी आधी त्यांचीच मंजुरी. हे अडथळे वाटतात, कधी कधी खूप वेळही जातो, पण त्या वाचनालयाकडे बघितल्यापासून मला ते बांधासारखे वाटतात.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. मुद्दलाला कधीच हात लावायचा नाही का?

आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवा. बिदरच्या बादशहाचं धान्य त्यांच्या ताब्यात होतं. दुष्काळ पडला, माणसं दाराशी येऊन मरू लागली, आणि पंतांनी कोठारं उघडली. कोठार दुसऱ्याचं आणि ते राखणं हे त्यांचं काम, म्हणजे ते विश्वस्तच. नियमाने बघितलं तर त्यांनी मुद्दल खर्च केलं. पण गेली कित्येक शतकं त्यांचं नाव घेतलं जातं ते कोठार राखलं म्हणून नव्हे, उघडलं म्हणून. आणि कथेत पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. विठोबा विठू महाराच्या रूपाने बिदरला जातो आणि धान्याचा पैसा भरून पावती घेतो. उघडलेलं कोठार भरून दिलं जातं, यावर त्या कथेचा सगळा तोल आहे.

मला वाटतं, नियम तिथेच सापडतो. करोनात किंवा मोठ्या दुष्काळात एखादी संस्था ‘मुद्दलाला हात लावणार नाही’ म्हणून कुलूप लावून बसली, तर ती कुणासाठी जपते आहे? पण उघडायचं तर तीन गोष्टी हव्यात: संकट खरंच असाधारण असावं, ठराव लेखी व्हावा, आणि परत कधी व कसं भरणार ते त्याच ठरावात लिहावं. कायद्याची दिशाही साधारण हीच आहे. कॉर्पसमधून केलेला खर्च त्या वर्षीच्या धर्मादाय खर्चात धरला जात नाही. ती रक्कम पाच वर्षांच्या आत पुन्हा कॉर्पसमध्ये भरली तर, अटी पाळून, धरता येतो. मायनसमध्ये गेलेलं उजनी पुढच्या पावसात आधी मृतसाठा भरून काढतं, मगच अधिकचं पाणी मोजायला सुरुवात होते, तसंच हे.

दुसरी बाजूही मान्य करतो. प्रत्येक संस्थेला कायम निधी हवाच असं नाही. चार वर्षांत एक शाळा बांधून द्यायची आणि मोकळं व्हायचं असं काम असेल, तर पैसा आत्ताच खर्चावा. आज भुकेल्या मुलाच्या तोंडचा घास काढून पन्नास वर्षांनंतरच्या मुलासाठी ठेवणं सगळ्यांना पटत नाही, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. अर्थतज्ज्ञ जेम्स टोबिन यांनी १९७४ मध्ये मांडलं होतं की आजच्या मागण्यांपासून उद्याचं रक्षण करणं हे अशा निधीच्या विश्वस्ताचं काम. मी त्याला एवढंच जोडेन की आज समोर बसलेल्या मुलीलाही विश्वस्तानेच उत्तर द्यायचं असतं.

त्या शाळेत मी नंतर पुन्हा गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी जुन्या फाइली काढून सगळ्या स्मृती-ठेवींची यादी केली. १०१ रुपयांची, ५०१ ची, १,००१ ची, अशा एकोणीस ठेवी निघाल्या. ज्यांचे पत्ते मिळाले त्या कुटुंबांना पत्रं गेली: तुमच्या आजोबांनी ठेवलेल्या ठेवीतून आजही बक्षीस दिलं जातं, आज ते इतकं आहे, आपली इच्छा असल्यास भर घालावी. मागणी म्हणून नाही, कळवावं म्हणून. सात जणांची उत्तरं आली. १९७८ चं ते पत्र लिहिणाऱ्या शिक्षकांची नात पुण्याहून स्वतः आली. आजोबांचं अक्षर बघून ती बराच वेळ फाइल हातात धरून बसली होती. मग तिने २५,००० रुपयांचा चेक दिला, आणि सोबत पत्र. बाईंनी ते मला वाचायला दिलं. वरची ओळ आजोबांचीच: मुद्दलास हात न लावता. खाली तिने आपल्या हाताने लिहिलं होतं: ‘व्याजाच्या दर सात रुपयांतला एक रुपया पुन्हा मुद्दलात घालावा. दर पाच वर्षांनी बक्षिसाची रक्कम तपासावी आणि कमी वाटल्यास आम्हाला कळवावे.’ त्याखाली तिचा पत्ता, आणि तिच्या मुलीचाही.

पुढच्या २६ जानेवारीच्या पाकिटात १,५६० रुपये असतील.